बाल्कनीतले अळीव

अळीव म्हटलं की लोकांना लाडू आठवतात. मी मात्र ते पाल्यासाठी पेरत असे. नारायण पेठेतून वारज्याच्या फ्लॅटमध्ये आलो तेव्हा ऊन येणारी बाल्कनी पहिल्यांदाच मिळाली. पसरट ट्रेमध्ये बोटभर माती भिजवायची, वर बी भुरभुरायचं आणि मातीनं झाकायचं नाही, एवढंच काम. बी फुगून बुळबुळीत होतं, दोन-तीन दिवसांत मोड येतात, आठवड्याभरात कोवळी पानं. चवीला मोहरीसारखी, नाकाला झोंबणारी. कात्रीनं कापून मी ती काकडीच्या कोशिंबिरीत घालत असे.

पाच वर्षांपूर्वी एका रविवारी मुलगा आणि सून जेवायला आले होते. सुनेनं कोशिंबीर चमचाभरच घेतली, तर मी आग्रह करून आणखी दोनदा वाढली. मंगळवारी मुलाचा फोन आला. सुनेला दिवस गेले होते, तिसरा महिना पुरा व्हायचा होता, आणि गर्भ राहिला नाही.

बाळंतिणीला अळीव द्यायचे, गर्भारशीला चुकूनही नाही, हे मी आईकडून शिकले होते. आणि तिसरा महिना उलटेपर्यंत कुणाला सांगायचं नाही, ही शिस्त घरात मीच लावली होती. त्यांनी ती पाळली. मग मला कळणार कसं? ही पळवाट मला ठाऊक होती. ती काही कामाला आली नाही. ट्रे मी कचऱ्यात दिला आणि गप्प बसले. डॉक्टरांनाही विचारलं नाही. त्या 'हो' म्हणाल्या तर?

यंदा सुनेला मुलगी झाली. विहीणबाईंच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, म्हणून बाळंतपण माझ्याकडेच. एका दुपारी ती म्हणाली, "आई, अळिवाचे लाडू कधी करताय?"

"मला जमत नाहीत. विकतचे आणू."

"पेठेतली सासू आणि विकतचे लाडू? हे बाहेर कुणाला सांगू नका."

मला हसता येईना. मी खाली बसले आणि फरशीकडे बघत सगळं सांगून टाकलं. तिनं बाळाला थोपटत ऐकलं.

"त्या रविवारच्या आधी, शुक्रवारीच आम्ही सोनोग्राफी करून आलो होतो," ती म्हणाली. "ठोके थांबले होते. सोमवारी दवाखान्यात जायचं ठरलं होतं. तुम्हाला कसं सांगायचं ते कळेना, म्हणून मुकाट्यानं जेवत होतो."

"म्हणजे कोशिंबिरीच्या आधीच?"

"आधीच. पाच वर्षं हे घेऊन बसलात? एकदा विचारायचं तरी."

छातीवरचं ओझं उतरलं, आणि पाठोपाठ लाज वाटली. तसं दुःख घेऊन ती माझ्यासमोर बसली होती आणि मी खा, खा करत होते. तेही मी तिला बोलून दाखवलं.

"तेवढ्यापुरती रागावते, चालेल?" ती म्हणाली.

मी अळीव नारळाच्या पाण्यात भिजत घातले आणि जरा आडवी झाले. जाग आली ती मुलाच्या आवाजानं. तो ऑफिसमधून येऊन दारात उभा होता. सून बाळाला खांद्यावर घेऊन फेऱ्या मारत होती.

"यातली बाळंतीण नक्की कोण?" त्यानं विचारलं.

"हळू बोल," सून म्हणाली. "झोपू दे त्यांना."

मी डोळे मिटूनच पडून राहिले.