आवळून बांधलेला माईक

आमच्या भावोजींच्या खिशात सदा कंगवा असतो आणि त्याच्या वर, डोक्यात, फारसं काही नसतं. ताईने त्यांच्यात काय पाहिलं ते तिलाच ठाऊक. जावई हा दहावा ग्रह म्हणतात. आमच्याकडे तो स्टुडिओसकट आला. लखलखीत काच, गुबगुबीत सोफा, दारावर निळा दिवा. आणि गाळा घेतला कुठे, तर जिमला खेटून. दोन्हींची फरशी एकच. भिंतींना स्पंज असल्यामुळे शेजारचं काही ऐकू येत नाही, पण पलीकडे कुणी वजन टाकलं की आपल्या तळपायांना कळतं. हेडफोन लावून भावोजींनी कधी खात्री केली नाही, कारण भांग मोडतो.

मी तिथेच रेकॉर्डिंग साफ करायला बसते, म्हणून हे रोज पाहते आणि रोज वीट येतो.

फरशीचा हादरा स्टँडवरून चढून माईकमध्ये शिरू नये म्हणून माईक एका कड्यात रबरी दोऱ्यांवर लटकवतात. त्याला शॉक माउंट म्हणतात. हादरा कड्यापर्यंत येतो, दोऱ्या ताणल्या जातात, लवतात आणि तो तिथेच जिरतो. माईक जरासा डुलतो, तसा तो डुलायलाच हवा. हे सांगून सांगून माझी जीभ झिजली. पालथ्या घड्यावर पाणी.

मग आईच्या घशाचं दुखणं निघालं. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्र काढावं लागेल. ताईला सातवा महिना होता. आईचं एकच मागणं: लहानपणी ती आम्हाला मनाने रचून गोष्टी सांगायची, त्या तिच्याच आवाजात नातवंडासाठी राहाव्यात. भावोजी म्हणाले, स्टुडिओ घरचाच आहे, मी जातीने करतो. रेकॉर्डिंग झालं त्या दिवशी मी इस्पितळात तिच्या खोलीची सोय बघत होते.

ऑपरेशन झालं, आई घरी आली, आणि मी रेकॉर्डिंग उघडलं. उंदराने चष्मा घातला, धप्प. मांजर शाळेला निघाली, धप्प. ती धप्प काढावी तर आईच्या आवाजातला खर्जही जातो आणि ती डब्यातून बोलल्यासारखी वाटते. उठून माईक पाहिला. प्लास्टिकच्या पट्ट्यांनी तो कड्याला करकचून आवळलेला होता. रबरी दोऱ्या नुसत्या शोभेला.

भावोजींना विचारलं. म्हणाले, व्हिडिओही घेत होतो ना, हलणारा माईक बरा दिसत नव्हता. वर म्हणाले, खाली म्युझिक टाक, कुणाला कळतंय. मला त्या माणसाची शिसारी आली.

सगळं पालथं घातल्यावर एकच वाक्य धड सापडलं. तेवढ्यापुरतं शेजारी कुणी काही आपटलं नसावं. घरी सगळे बसलेले असताना मी ते लावलं.

"जावईबापू, पायाखाली काहीतरी हादरतंय हो. त्याने बिघडणार नाही ना हे?"

अगदी आईच. तोच जाडसर, मऊ आवाज. ताईने पोटावर हात ठेवला आणि ती रडायला लागली. मी भावोजींकडे बघत होते. आता तरी मान खाली जाईल, असं वाटलं होतं.

"बघ, किती स्वच्छ आलाय आवाज," ते म्हणाले. "आणि तू उगाच बोंब मारत होतीस."

आई काहीतरी बोलायला गेली. तिचा हात गळ्याच्या पट्टीपर्यंत गेला आणि तिथेच राहिला.