दामल्यांच्या व्हरांड्यातले ड्रॉ

जिंकलेले डाव कोणी लक्षात ठेवत नाही. जिंकणारा फुशारकी मारतो, हरणारा चपला शोधतो, संपलं! ड्रॉ झालेल्या डावांचं तसं नाही. त्यांचे वाद पुढच्या रविवारपर्यंत पुरतात आणि किस्से साठत जातात. एकोणीसशे पन्नासच्या सुमारास अंबरनाथला कारखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायचो, तेव्हाचे माझ्याकडे ढीगभर आहेत.

बुद्धिबळाचा अड्डा फोरमन दामल्यांच्या व्हरांड्यात. मी नुसता बघ्या. आमच्या ड्रॉइंग ऑफिसातल्या केशवनं दामल्यांच्या कुसुमला मागणी घातली. तिलाही तो मनापासून आवडायचा. दामले म्हणाले, "आधी मला बुद्धिबळात हरव, मग मुलगी ने!"

झालं! दर रविवारी डाव आणि दर रविवारी ड्रॉ. कुसुम चहा आणायची, पटाकडे बघायची आणि कपबशा आपटून आत जायची.

*

दामल्यांना ड्रॉ कधी झाला हे पटवणं महाकठीण. वाधुमल नावाचा उल्हासनगरचा सिंधी कापडवाला खेळायला यायचा. एकदा त्याचा नुसता राजा उरला आणि दामल्यांचा राजा नि एक उंट.

मी म्हटलं, "अहो, एकट्या उंटानं मात होत नाही. ड्रॉ झाला."

"मात कोणाला करायचीय?" दामले शह देत म्हणाले. "दमेल ना कधीतरी!"

वाधुमल बिचारा दिवेलागणीपर्यंत राजा घेऊन पळत होता.

*

एका रविवारी केशवकडे वजीर, दोन्ही हत्ती, सगळं शाबूत. दामल्यांचा एकटा राजा कोपऱ्यात. केशवनं वजीर आणून ठेवला आणि ओरडला, "मात!"

"शह कुठाय?" दामले शांतपणे म्हणाले.

खरंच शह नव्हता! राजाला हलायला घर नाही, पण शहही नाही. म्हणजे जिच. म्हणजे ड्रॉ.

"पण तुम्हाला हलताच येत नाहीये!" केशव रडकुंडीला आला.

"हलता येत नाही म्हणून हरलो? मग आमच्या ऑफिसातला अर्धा स्टाफ रोज हरतो!"

*

पुढच्या खेपेला दामले वजिरानं शह देत राहिले. केशवचा राजा इकडे, मग तिकडे, परत इकडे. मी नियम सांगितला की तीच स्थिती तिसऱ्यांदा आली की ड्रॉ मागता येतो.

"तिसऱ्यांदा?" दामले म्हणाले. "मग आमच्या घरचं पिठलं केव्हाच ड्रॉ झालं!"

आतून वहिनींनी ऐकलं असावं. पुढचा चहा बिनसाखरेचा आला.

*

तोडगा काढला वाधुमलनं. शेवटी व्यापारी माणूस!

"दामलेसाब, ड्रॉ मतलब आधी जीत, बरोबर?"

"बरोबर."

"तो आधी शादी कर दो ना! सगाई!"

दामल्यांनी बोटांवर मोजलं: अर्धी जीत, अर्धं लग्न. हिशेबात चूक सापडेना. महिन्याभरात साखरपुडा झाला! पेढे खाताना दामले प्रत्येकाला बजावत होते, "मी हरलेलो नाही हं!"

*

आणि मग केशवची बदली झाली, थेट जबलपूरला. आता एकच रविवार उरला. कुसुमचे डोळे रडून सुजलेले. दामल्यांचाही जीव तुटत होता, पण शब्द दिलेला! त्यांनी मनाशी ठरवलं की आज हरायचं. त्यांनी पुढे केलेला वजीर केशवनं सुरुवातीलाच मारला, दामले खूश.

पण केशवच्या मनात भलतंच. होणाऱ्या सासऱ्यांचा जाता जाता अपमान कसा करायचा? त्यानंही आपला वजीर देऊन टाकला!

दामल्यांनी हत्ती दिला, यानं हत्ती दिला. घोडे गेले, उंट गेले, प्यादी गेली. "अरे, मार की!" "नाही, आधी तुम्ही!" असं करत पटावर दोनच राजे उरले. राजाला राजा मारता येत नाही. पुन्हा ड्रॉ!

मग कुसुम बाहेर आली. तिनं बाबांचा राजा उचलला, पदरानं पुसला आणि मुठीत घट्ट धरून बापासमोर उभी राहिली.

दामल्यांनी तिच्याकडे पाहिलं. कसंबसं म्हणाले, "हरलो."

त्याच आठवड्यात घाईघाईनं लग्न लागलं आणि दोघं जबलपूरला गेली.

रविवारी दामल्यांनी पट मांडला. राजाच्या घरात सुपारी ठेवलेली होती.

वाधुमलनं विचारलं, "दामलेसाब, राजा किधर गया?"

"सासरी," दामले म्हणाले. "चल, खेळ!"