पहिली टाळी

आमच्या पंचवटीतले एक काका पुढाऱ्यांच्या सभांत पहिली टाळी वाजवायचे. पुढारी दम घ्यायला थांबला, की यांचे तळहात कडाडायचे आणि मागोमाग अख्खं मैदान वाजायचं. "भाषण साहेबांचं, पण सभा आपली हो!" असं मिशीत हसून सांगायचे.

पुढे मी सायबर कॅफे काढला. दर रविवारी काका इस्त्रीचा शर्ट घालून सिंगापूरच्या लेकीशी वेबकॅमवर बोलायला यायचे, तेही माइकसमोर उभं राहिल्यासारखं. त्यामुळे नातू अजून चालत नाही, हे साऱ्या कॅफेला ठाऊक होतं.

एका रविवारी पडद्यावर नातवानं पहिलं पाऊल टाकलं. त्याला सावरायला काकांचे दोन्ही हात पडद्याला जाऊन चिकटले. मागे सगळा कॅफे टाळ्यांनी दणाणला.

काका डोळे पुसत वळले. "अरे, मी तर सुरूच केली नव्हती!"