भिंतीचं पोट

आलापल्लीच्या आमच्या कामगार सभागृहाच्या मागच्या भिंतीला पोट आहे. वर, छपराखाली, मधलं सागवानी आढं भिंतीत शिरतं तिथं हातभर फुगवटा. लहानपणी आम्ही त्याला बघून खिदळायचो. बाबा लाकडाच्या डेपोत हमाल होते. त्यांनी आणि त्यांच्या सोबत्यांनी दिवसाचं काम संपवून संध्याकाळी हे सभागृह उभं केलं. त्यांच्यात गवंडी एकही नव्हता, हे भिंत बघितल्यावर वेगळं सांगावं लागत नाही. इथल्या प्रौढवर्गात माझी आई सही करायला शिकली, इथंच माझ्या लग्नाच्या पंगती उठल्या. आता मी भरतीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींचा अभ्यास इथं घेते.

मागच्या उन्हाळ्यात कुणीतरी तक्रार केली, की आढं चोरीच्या सागाचं आहे. एके सकाळी वनखात्याचे साहेब आले, सोबत दोन माणसं आणि करवत.

“ठसा दाखवा,” साहेब म्हणाले.

डेपोत लिलावाच्या लाकडाला दोन्ही टोकांवर हातोड्यानं ठसा मारतात. ठसा नाही, तर माल चोरीचा. आढ्याचं पुढचं टोक दारावर उघडं, ऊनपावसानं पार फाटलेलं. त्यावर काहीच दिसेना.

“मग आढं उतरवावं लागेल.”

आढं उतरलं की छप्पर बसलंच. माझं डोकं फिरलं. “माझ्या बापाले चोर म्हणता काय?” मी ओरडले. मुली पुस्तकं घेऊन दारात उभ्या होत्या. साहेब शांतच. त्या शांतपणाचा मला जास्त राग आला. आणि खरं सांगते, रागाच्या तळाशी भीती होती. बाबा गेले, त्यांचे सोबतीही गेले. खरंच चोरलं असेल तर?

एक माणूस करवत घेऊन शिडी चढायला लागला. तेवढ्यात आरडाओरडा ऐकून आई आली.

“काऊन कापता जी? मागचं टोक पाहा ना.”

“ते भिंतीत आहे, बाई.”

“मंग फोडा भिंत. ठशाच्या टोकाले हे लोक कधी करवत लावत नव्हते. लाकूड लांब पडलं, तर भिंतच वाढवली त्याईनं.”

मला एकदम डेपो आठवला. ठशाचं टोक कापलं की लाकूड फाटकाबाहेर जायचं नाही. ती धास्ती हातात इतकी मुरलेली, की स्वतःच्या सभागृहातही त्यांनी ते टोक कापलं नव्हतं.

शिडी मागे नेली. छिन्नी चालली. गिलावा पडला, विटा पडल्या. आत नुसती माती दिसली. मला राहवेना. त्या माणसाला खाली उतरवून मीच वर चढले आणि पदरानं टोक पुसलं, पुन्हा पुसलं. मातीखालून ठसा वर आला. खोल, स्वच्छ, जणू कालच मारलेला.

मी शिडीवरच रडले. मी उतरल्यावर साहेबांनी वर चढून ठशावरून बोट फिरवलं, “ठीक आहे,” म्हणाले आणि करवत गाडीत ठेवायला लावली. माफी वगैरे काही नाही.

गाडी गेल्यावर आईनं मला बाजूला घेतलं.

“तुले बी वाटलं होतं ना?”

मी पदरावरची माती झटकू लागले.

“मले एकदा बी नाई वाटलं,” ती म्हणाली, आणि विटा गोळा करायला वाकली.