तलावाच्या तळातलं दार

अड्याळच्या योगेंद्रचं बसस्टँडजवळ झेरॉक्सचं दुकान आहे. गिऱ्हाईक नसलं की तो कॉम्प्युटरवर जुन्या साहसी खेळांचं पोट उघडून बसायचा. चाचे, खजिना, बेटं असलेला कुठलातरी पुराणा खेळ घ्यायचा, त्यातली मूळ कोडी काढायची आणि आपली घालायची. असले हौशी म्हणे जगभर आहेत. पैसा एक मिळत नाही. "लेका, लष्कराच्या भाकरी भाजून राहिला तू," असं मी शेजारी या नात्याने त्याला तोंडावर म्हणायचो.

पण ही भाकरी घरच्याच ताटात पडत होती. धाकट्या बहिणीला, गुड्डीला, सिकलसेल. हाडं दुखून यायची, रक्त चढवावं लागायचं. आधी शाळा सुटली, मग अंगणही सुटलं. खाटेवर लॅपटॉप घेऊन ती दादाची कोडी सोडवायची, तीही फटाफट. नवं कोडं आलं की ताप असला तरी उठून बसायची. योगेंद्रच्या मनात तेच रुतलं. कोडं बाकी आहे तोवर गुड्डी आहे, असं त्याने धरलं.

यंदा डॉक्टरांनी हात टेकले, तेव्हा त्याने मुद्दाम तिला न सुटणारं कोडं रचलं. खेळातल्या बेटाच्या जागी गावचा तलाव आणला. भोवती त्याच पाण्यावर निसवायला, लोंब्या धरायला आलेलं धान, पाण्यात तळाशी दार. ते उघडायला तुडूम, म्हणजे पाणी सोडायचं भोक, मोकळं करून अख्खा तलाव रिता करायचा. नेटवर टाकल्यावर परदेशातल्या कुणी ते एका बैठकीत सोडवलं. पण धान उभं असताना तलाव रिता करायचं शेतकऱ्याच्या पोरीच्या मनात तरी येईल का?

गुड्डीने खेळात होडी नेली, दोर सोडला, बुड्या मारून पाहिल्या.

"दादा, दार उघडून नाही राहिलं. सांग ना."

"तूच सोडव. घाई कायची हाये?"

पुढे तिला माऊस धरवेना. ती सांगायची, तो क्लिक करायचा. उत्तर त्याच्या बोटाखाली होतं. दसऱ्याच्या आदल्या दिवशी गुड्डी गेली.

तेरवी झाल्यावर आईने, शकुबाईंनी, माझ्यासमोरच विचारलं, "काय होतं रे त्या दारामागं?"

योगेंद्रने खेळ लावला, तुडूम उघडलं. पाणी गेलं. दारामागे मंडई भरली होती, आमच्याकडे दिवाळीनंतर जत्रा भरते तशी. नाचणारे-गाणारे दंडारवाले, जिलेबीची दुकानं, आकाशपाळणा, आणि गर्दीत आपल्या पायांनी चालणारी गुड्डी. मला तिथे बसवेना, उठवेनाही. योगेंद्रची कीव येत होती आणि रागही येत होता.

शकुबाईंनी पडद्यावरच्या गुड्डीवर बोट ठेवलं. "एवढं बनवलं होतंस, मंग दाखवलं काहून नाही रे तिले?"

"मले वाटलं, दार उघडलं का ती जाईन."

"जायाचंच होतं तिले," शकुबाई म्हणाल्या. "पाहून गेली असती."