नानांनी शोधलेला नाचाचा क्लास

माझे सासरे, नाना, कुठल्याही नव्या जागी गेले की आधी चपला काढायचे आणि अनवाणी पाय जमिनीवर टेकवून काही क्षण गप्प उभे राहायचे. मग ते दुकान असो, बँक असो की कुणाचं घर. जळगावच्या एका डाळमिलमध्ये त्यांची उमेदीची सगळी वर्षं गेली होती. यंत्रांच्या आवाजानं कान निम्मे गेले, पण पाय शिकले. "पट्टा ढिला व्हयना की पहिले पायले समजस, मंग कानले," असं ते सांगायचे. निवृत्त होऊन ते शिंदखेड्याला आपल्या गावी गेले होते. माझे यजमान काविळीनं अकरा दिवसांत गेले, तेव्हा एक पिशवी घेऊन ते पुन्हा जळगावला आले आणि आमच्याकडेच राहिले.

त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. यजमानांच्या जागी मला कार्यालयात नोकरी लागली. मी वेळेवर जायची, वेळेवर यायची. भाजी चिरायची, कपडे वाळत घालायची. रडले नाही. मंजू, माझी चार वर्षांची मुलगी, तीही रडली नाही. तिला जिथे बसवावं तिथे ती बसून राही. बालवाडीच्या बाई म्हणाल्या, "बाकीच्या मुली पळतात, ही उठतच नाही." मी बरं म्हणाले आणि घरी आले.

नानांचं मात्र तिच्याकडे लक्ष होतं. गल्लीतून एका लग्नाची वरात गेली. मंजू ओट्यावर बसली होती, चेहरा कोरा. नाना माझ्याकडे येऊन म्हणाले, "माय, पोरना पायना अंगठा हालना." वाजंत्रीच्या तालावर तो हलताना त्यांनी पाहिला होता. लगेच पुढे म्हणाले, "हिले नाचना क्लास लाव."

"नाना, अजून वर्ष झालं नाही. लोक काय म्हणतील?"

"वरीस मोठा मानसेस्नं ऱ्हास. चार वरीसनी पोरले कसानं वरीस?"

तेव्हा जळगावात एवढ्या लहान मुलीसाठी नाचाचे क्लास शोधावे लागत. नानांनी चौकशा करून तीन ठिकाणं काढली. तिन्ही ठिकाणी आम्ही तिघं रिक्षानं गेलो. नानांनी सगळीकडे एकच प्रश्न विचारला. बाहेरच्यांशी ते शहरातलं मराठी बोलत, जपून, इस्त्रीचा सदरा घातल्यासारखं. "पोर रडली तर तुम्ही काय करता?"

पहिला क्लास एका शाळेच्या सभागृहात होता. मुली रांगांनी उभ्या, बाईंच्या हातात छडी. "रडणारी मुलं आम्ही घेत नाही," बाई म्हणाल्या. "सहा वर्षांची झाली की आणा." नानांनी चपला घातल्या. रस्त्यावर आल्यावर म्हणाले, "ही कवायत शे."

दुसरा एका दुकानावरच्या गच्चीत. टेपरेकॉर्डरवर सिनेमाची गाणी, गॅदरिंगची तयारी. तिथले सर हसतमुख होते. "महिन्याभरात स्टेजवर उभी करतो की नाही बघा. रडली तर चॉकलेट देतो." मला तो क्लास चालला असता. घरापासून जवळ होता आणि मला आणखी कुठे जायचं नव्हतं. नाना गच्चीच्या तापलेल्या सिमेंटवर उभे होते. "तोंड बंद करानं चॉकलेट," ते जिना उतरताना म्हणाले. "नको."

तिसरा जुन्या गावात, एका घराच्या मागच्या खोलीत. तिथल्या बाई कथक शिकवत. पन्नाशीच्या, सडसडीत, आवाज बारीक. सहासात मुली फरशीवर पाय आपटत होत्या. नाना दारात उभे राहिले, ते बराच वेळ हललेच नाहीत.

"चार वर्षांच्या मुलीला मी काही शिकवत नाही," बाई म्हणाल्या. "नुसतं येऊन बसू दे. मंगळवार, शुक्रवार. घरचं कुणीतरी बाहेर पायरीवर थांबा, म्हणजे तिला धीर राहील."

"आणि रडली तर?"

"रडू देते. रडून झालं की मुलं आपली आपण येतात."

नाना माझ्याकडे वळून म्हणाले, "हाऊ बरा शे."

तेव्हापासून दर मंगळवारी, शुक्रवारी नाना मंजूला घेऊन जायचे आणि पायरीवर बसायचे. दोन महिने मंजू भिंतीला टेकून बसली. एकदाही उठली नाही. मी म्हणाले, "बंद करू या नाना. ती काहीच करत नाही."

"बठेल शे, पन देखी ऱ्हायनी ना?" ते म्हणाले. "तू बी बठेलच शेस. मी तुले काही म्हनस का?"

मला वाईट वाटलं नाही. त्या काळात कशाचं काही वाटतच नव्हतं.

एका शुक्रवारी कार्यालय लवकर सुटलं म्हणून मी परस्पर तिकडे गेले. खिडकीतून आत पाहिलं तर मंजू उभी होती. ओळीच्या टोकाला, उजवा पाय आपटत. एकदा, दोनदा. आणि मग अचानक तिनं तोंड उघडलं. "पप्पा" म्हणून जी हंबरली, ती थांबेचना. बाईंनी बोल थांबवले नाहीत. मुली पाय आपटत राहिल्या. मी आत जायला निघाले, तर नानांनी माझं मनगट धरलं. सुनेच्या हाताला त्यांनी त्याआधी कधी स्पर्श केला नव्हता.

"ऱ्हाऊ दे माय. इतला दिवसनं शे ते."

नानांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मी खिडकीतून आतल्या भिंतीवरचं घड्याळ पाहत होते. पावणेसहा झाले होते. थोड्या वेळानं मंजूनं फ्रॉकनं नाक पुसलं आणि पुन्हा पाय उचलला.

नाना त्यानंतर तीनेक वर्षं होते. एका सोमवारी सकाळी अंघोळ करून खुर्चीवर बसले, ते उठले नाहीत. शिंदखेड्याहून माणसं आली. धुळ्याहून मोठ्या नणंदबाई आल्या, त्यांना सगळे अक्का म्हणत. घर बायकांनी भरून गेलं. जे जे करायला सांगितलं ते मी केलं.

शुक्रवारी दुपारी मंजू माझ्याजवळ आली. "आई, आज क्लास आहे."

अक्कांनी ऐकलं. "आजून दहावं नही व्हयनं, नि पोर नाचाले जाई?"

घरातले निर्णय तोवर नाना घेत. अक्कांपुढे तर मी कधी तोंड उघडलं नव्हतं. मी म्हणाले, "जाईल." आणि तिला घेऊन निघाले.

क्लास झाल्यावर परत आलो तेव्हा दिवेलागण होत होती. अक्का भिंतीशी बसल्या होत्या, डोळे सुजलेले. त्यांनी मंजूला जवळ बोलावलं आणि तिच्याकडे कितीतरी वेळ पाहत राहिल्या.

"काय शिकाडं आज बाईनी?"

"चक्कर," मंजू म्हणाली.

"दखाड बरं."

मंजूनं माझ्याकडे पाहिलं. मग खोलीभर दाटीनं बसलेल्या बायकांकडे. जागाच नव्हती. अक्कांनी आपले पाय पोटाशी ओढून घेतले आणि शेजारणीला म्हणाल्या, "सरका वं जराशा."