पाण्यापुढची खूण

माझ्याकडे बैल नव्हता, म्हणून त्या कामाला माझी निवड झाली.

बारामतीहून इंदापूरकडे जाणाऱ्या रस्त्यालगतच्या एका गावात मी मुलींच्या शाळेवर शिक्षिका होते. कालव्याच्या पाण्यावर ऊस वाढत चालला होता आणि कारखान्यापर्यंत तो बैलगाडीनेच जायचा. तोडीची चिठ्ठी आली की ठरलेल्या दिवशी गाडी हलायलाच हवी. नाही हलली तर पाळी पुढच्याला जाई आणि तोडलेला ऊस फडात वाळत पडे. आदल्या हंगामात एका घरी नेमकं तेच झालं होतं. म्हणून सोळा गाडीवाल्यांनी पारावर बसून ठरवलं, की ज्याचा बैल अचानक आजारी पडेल किंवा मरेल, त्याला बाकीच्यांनी हंगाम संपेपर्यंत पाळीपाळीने आपला बैल द्यायचा. पेरणीला सावड करतात, तशी ही बैलांची सावड.

एकच मोठी अट होती. दुखणं खरोखर अचानक आलेलं हवं. जुना आजार लपवला असेल, किंवा मालकाच्या हयगयीने बैल गेला असेल, तर सावड मिळणार नाही. हे ठरवायला दोन पंच नेमले. एक आबा, बैलाच्या चालण्यावरून त्याचं वय सांगणारे म्हातारे गृहस्थ. दुसरे सुतार, गाड्या बनवायचे, स्वतःची गाडीही हाकायचे, आणि जिभेने रंध्याहून बारीक तासायचे. दोघांचं जुळलं नाही तर निकाल वही ठेवणाऱ्याने द्यायचा. बैल असलेल्याच्या हाती वही दिली तर तो आपल्या बाजूने लिहील, असं सगळ्यांना वाटत होतं. म्हणून बाईंच्या हाती वही.

मला ते काम आवडलं, हे कबूल करते. याद्या करण्याची मला लहानपणापासून सवय. बत्तीस बैलांचा रंग, शिंगं, दात, भोवरा, खांद्यावरची सूज, सगळं मी आबांना विचारून लिहिलं आणि प्रत्येकापुढे ‘तपासला’ अशी खूण केली. दसऱ्यानंतर एकाने लंगडा बैल ‘आजच लंगडला’ म्हणून आणला, तेव्हा मी वही उघडून ‘उजवा मागचा पाय, जुनं’ वाचून दाखवलं. लोक हसले आणि तो मुकाट्याने बैल घेऊन गेला. तेव्हापासून वहीत आहे ते खरं, असं गाव धरून चाललं. मीही.

दिवाळीची सुट्टी संपून शाळा नुकतीच उघडली होती. शनिवारची सकाळची शाळा. दुसरा तास चालू असताना तात्यांची बायको दारात आली. तात्या त्या सोळांतलेच एक; त्यांचा मळा शाळेच्या मागेच होता. सोमवारी त्यांची तोडीची पाळी होती.

“बाई, वही घेऊन चला. डावा गेला.”

“गेला म्हणजे?”

“म्हंजे मेला. उजवा थरथरतोय.”

मी मुलींना पाढे लिहायला लावले आणि निघाले. गोठ्यात आबा आणि सुतार आधीच आले होते. डावा बैल दावणीशीच आडवा पडला होता. उजवा उभा होता, पण त्याच्या मांड्या हलत होत्या, आणि तात्या बांबूच्या नळ्याने त्याच्या घशात गुळाचं पाणी ओतत होते. इंदापूरला गुरांच्या डॉक्टरांकडे सायकलवर माणूस धाडला होता, पण तो दुपारशिवाय परतणार नव्हता.

आबांनी मेलेल्या बैलाचं तोंड उघडलं, आत वाकून वास घेतला आणि उठले.

“किराळ,” ते म्हणाले.

मी शहरात वाढलेली. मला शब्द नवा होता. आबांनी समजावलं. कापलेल्या कडवळाच्या, म्हणजे वैरणीच्या ज्वारीच्या, बुडख्यांना पुन्हा फुटवे येतात, ती किराळ. पाणी मिळालं तर ती चांगली वैरण. पाण्यावाचून खुरटले की त्यात विष उतरतं, आणि जनावर तासाभरात आडवं होतं.

माझ्या हातातली पेन्सिल थांबली.

सुतार म्हणाले, “मग निकाल झालाच की. किराळ काय आभाळातनं पडती व्हय? खायला घातली. शेंबड्या पोराला ठावं हाय त्ये ह्यांला ठावं न्हाय? लिवा बाई, हयगय.”

“दमानं घे,” आबा म्हणाले. “तात्या, वैरण कुठली हुती?”

तात्यांनी नळा काढला. माझ्याकडे पाहिलं नाही. “घरचीच.”

“घरची कुठली? तुझं कडवळ तर नवरात्रातच मोडलंस की,” आबा म्हणाले.

“व्हती जरा बांधाला.”

त्यांची बायको मात्र माझ्याकडेच पाहत होती. कोपऱ्यात उरलेली अर्धी पेंढी पडली होती. ती ज्या दोरीने बांधली होती, ती शाळेच्या घंटेची जुनी दोरी होती. मीच काढून दिलेली.

मी वहीत लिहिलं, ‘वैरण घरची’. माझं अक्षर नेहमी सरळ येतं. तेव्हाही सरळच आलं.

आबांचं मत पडलं, की इतका जुना जाणता माणूस अशी चूक करत नाही, काहीतरी राहतंय. सुतारांचं मत हयगय. म्हणजे निकाल माझ्यावर आला. उद्या सकाळी पारावर सांगते, असं म्हणून मी निघाले.

शाळा सोडून मी थेट मागच्या वाफ्यावर गेले. शाळेचं एक गुंठाभर कडवळ होतं, दसऱ्याआधी कापलेलं. गुरुवारी आवरासावर करताना माझ्या यादीत काम होतं, ‘फुटवे कापून वाफा मोकळा करणे’. तात्या कुंपणापलीकडून जाताना दिसले, तर मीच त्यांना म्हटलं, घेऊन जा, बैलांना होईल. ते फुटव्यांकडे बघत उभे राहिले आणि म्हणाले, “बाई, सुट्टीत ह्याला पाणी दिलंय न्हवं?” मी शाळेच्या कामांची वही काढली. ‘वाफ्याला पाणी, दर चार दिवसांनी’. पुढे खूण. “दिलंय,” मी म्हटलं. आदल्याच दिवशी एक भुरभुर सर येऊन गेली होती आणि वरून माती ओली दिसत होती. तात्यांनी ते मान्य केलं.

आता मी वाफ्यात बोट घातलं. वरचा पापुद्रा निघाला आणि खाली कोरडी भेग. सुट्टीत पाणी द्यायचं काम मी शिपायाला सांगितलं होतं, आणि सांगितलं त्याच क्षणी खूण केली होती. तो सुट्टीभर त्याच्या बहिणीकडे बावड्याला होता, हे मला माहीत होतं. तरी खूण होती, म्हणून माझ्या लेखी पाणी दिलं होतं.

मी वाफ्यात उभी राहून हिशेब करू लागले, कारण मला दुसरं काही येत नाही. सांगितलं तर बैल माझ्या माथी. परक्या गावात एकटी बाई, वर तक्रार गेली तर नोकरी. नाही सांगितलं तर सोमवारी तात्यांचा ऊस फडात. हे दोन्ही मी पुन्हा पुन्हा मांडत होते, जणू मांडता मांडता तिसरं काही निघेल.

दुपारी तात्यांची बायको आली. बसली नाही.

“उजव्यानं पाणी घेतलं. डॉक्टर येऊन सुई टोचून गेले. वाचंल म्हणत्यात. पर आठवडाभर जुवाखाली घालू नका म्हणाले.”

“बरं झालं.”

“बरं कशाचं? दोन बैल न्हाईत न् सोमवार आलाय.” ती थांबली. “ह्यांनी तोंड शिवलंय. म्हणत्यात, बाई एकल्या हायत, हितं त्यांचं कोण न्हाय, त्यांच्यावर आळ नको. मी न्हाय शिवलं. पर मी पंचांत बोलले तर बायकांची भांडणं म्हणतील. तुमचं तुमी बोला.”

“मी वहीत बघून सांगितलं होतं हो.”

“व्हय. वाफा हाताभर लांब व्हता. त्यो न्हाय बघितला.”



रविवारी सकाळी पारावर सोळाही गाडीवाले होते. मी घरून चार वाक्यं लिहून आणली होती. ती वाचली नाहीत. वैरण शाळेची होती, पाण्याचं तात्यांनी विचारलं होतं, मी दिलं म्हणून सांगितलं आणि ते खोटं निघालं, एवढं एका दमात सांगितलं. हयगय असेल तर माझी, मालकाची नाही. सावड मंजूर.

मग सुतार बोलले.

“म्हंजे काम सांगितलं की खूण, व्हय? अन् आमच्या बैलांच्या म्होरं ज्या खुणा हायत, त्या बी अशाच का?”

नोकरीची धमकी मी सोसली असती. हा प्रश्न जड गेला, कारण उत्तर मला माहीत होतं. बत्तीसपैकी काही बैल मी पाहिलेच नव्हते. आबांनी नावानिशी सांगितले आणि मी खुणा केल्या होत्या.

“काही तशाच आहेत,” मी म्हटलं.

“आता गं!” कुणीतरी मागून म्हणालं.

“मग उठा,” सुतार म्हणाले. “आज इतवार हाय.”

त्या दिवशी आबा, सुतार आणि मी सगळ्या गोठ्यांतून फिरलो. आधीच्या सगळ्या खुणा मी खोडल्या आणि प्रत्येक बैलाच्या खांद्यावर हात ठेवल्यावरच नवी केली. तीन नोंदी चुकीच्या निघाल्या. एक सुतारांच्याच बैलाची. त्याला मी सहा दाती लिहिलं होतं, तो जुळलेला, म्हणजे आठही दात पूर्ण आलेला, निघाला. म्हणजे त्याचं वय मी कमी करून ठेवलं होतं.

“ठेवा की तसाच,” ते म्हणाले. “विकताना कामाला आला असता.” त्या दोन दिवसांत कुणी मला केलेली ती पहिली थट्टा.

सोमवारी दिवस उगवताना मी कालव्याच्या पुलाशी उभी होते. तात्यांची गाडी उसाने भरून आली. डावीकडे सुतारांचा तोच जुळलेला बैल, उजवीकडे दुसऱ्या गाडीवाल्याचा. दोघं कधी एकत्र चालले नव्हते. पुलाच्या चढावर जू तिरपं झालं, गाडी हातभर मागे सरकली, आणि तात्या खाली उडी मारून चाकाला खांदा लावून राहिले. मग ती चढली.

“केली का खूण, बाई?” तात्यांनी पुलावरून ओरडून विचारलं. गुरुवारनंतर ते माझ्याशी प्रथमच बोलत होते.

“परत आलात की करीन,” मी म्हटलं.

दिवसभर पेन्सिल वहीत तशीच राहिली. शाळेत मन लागलं नाही. दर तासाला मी रस्त्याकडे बघत होते. दिवस कलताना रिकामी गाडी पुलावर दिसली. दोन्ही बैल चालत होते. मी जवळ गेले, जू सोडेपर्यंत थांबले, दोघांच्या खांद्यांवरून हात फिरवला, आणि मगच वही उघडली.